रोजच्या वापरातील मोटारीसाठी कोणती क्लचप्लेट निवडावी?

उन्हाळ्याच्या सुटीत घाटरस्त्यावर वाहनांची रांग लागली, की काही मोटारींमधून जळका, उग्र वास येऊ लागतो. हा वास बहुधा क्लचप्लेटवरील अस्तर तापल्याचा असतो. पुढे गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर क्लचप्लेट बदलावी लागेल, असे सांगण्यात येते आणि मालकापुढे निवडीचा प्रश्न उभा राहतो. मोटार कंपनीची मूळ प्लेट, बाजारात मिळणारी स्वस्त प्लेट, जुन्याच प्लेटवर बसवलेले नवे लायनिंग, किंवा ‘सिरॅमिक’, ‘केवलार’, ‘रेसिंग’ अशा नावांनी विकले जाणारे महागडे संच, असे अनेक पर्याय त्याच्यासमोर असतात.

जी प्लेट सर्वांत घट्ट पकडते तीच सर्वांत चांगली, असा समज सर्वत्र आढळतो. रोजच्या वापरातील मोटारीच्या बाबतीत मात्र तो खरा नाही. क्लचने पकडले पाहिजे हे खरेच. पण गाडी जागेवरून हलताना त्याने बेताने घसरलेही पाहिजे. शहरातील गर्दीत हे घसरणे दिवसातून शेकडो वेळा घडते. त्यामुळे क्लचप्लेटचे अस्तर कोणत्या पदार्थाचे असावे, याचा निर्णय इंजिनाच्या ताकदीइतकाच गाडी कोठे व कशी चालते यावरही अवलंबून असतो. आणि त्या अस्तराच्या धुळीत दिवसभर काम करणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांचा विचारही या निर्णयात असायला हवा.

क्लच नेमके काय करतो?

मोटारीचे इंजिन सुरू असताना सतत फिरत असते. चाके मात्र सिग्नलवर थांबलेली असतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची सांधेजोड हिसका न बसता करणे, हे क्लचचे काम होय.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला लागून क्लचप्लेट असते आणि तिच्या मागे प्रेशर प्लेट. क्लचप्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षण करणाऱ्या पदार्थाचे वर्तुळाकार अस्तर बसवलेले असते. कारागीर त्याला लायनिंग किंवा लायनर म्हणतात. पेडल सोडलेले असताना प्रेशर प्लेटमधील स्प्रिंग या अस्तराला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि सर्व भाग एकत्र फिरतात. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगचा दाब काढून घेते आणि प्लेट मोकळी होते.

या दोन अवस्थांच्या मधली अवस्था म्हणजे ‘हाफ क्लच’. या वेळी फ्लायव्हील वेगाने फिरत असते, प्लेट सावकाश फिरत असते आणि दोहोंमध्ये घर्षण चालू असते. क्लचची झीज आणि त्याची उष्णता जवळजवळ संपूर्णपणे याच अवस्थेत निर्माण होते.

चांगल्या क्लचप्लेटमध्ये केवळ अस्तर नसते. दोन अस्तरांच्या मध्ये किंचित लहरदार पोलादी पत्रा असतो. दाब वाढत जाईल तसा तो सपाट होतो आणि पकड हळूहळू बसते. प्लेटच्या मध्यभागी लहान गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. त्या इंजिनाचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू देत नाहीत. स्पर्धेच्या गाड्यांसाठी बनवलेल्या अनेक प्लेटमध्ये या दोन्ही सोयी काढून टाकलेल्या असतात. अशी प्लेट रस्त्यावर त्रासदायक का वाटते, याचे अर्धे कारण येथेच मिळते.

पकडीचे गणित

क्लच किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे किती बल, न घसरता वाहून नेऊ शकेल, हे चार गोष्टींवर ठरते: अस्तराचा घर्षणांक, स्प्रिंगचा दाब, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घर्षण होणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता.

उदाहरण म्हणून मारुती स्विफ्टच्या डिझेल मोटारीत बसवले जाणारे, मूळचे फियाट कंपनीचे १.३ लिटरचे इंजिन घेऊ. २०२० मध्ये भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाली, त्या सुमारास हे इंजिन नव्या मोटारींतून गेले. पण ते असलेल्या असंख्य मोटारी अजूनही रस्त्यावर आहेत. स्विफ्टमध्ये सुरुवातीला आलेल्या या इंजिनाचा कमाल टॉर्क १९० न्यूटन-मीटर होता.

आता हिशेब समजण्यासाठी असे धरू, की क्लचप्लेटच्या अस्तराचा बाहेरील व्यास २१० मिलिमीटर आणि आतील व्यास १५० मिलिमीटर आहे. म्हणजे सरासरी त्रिज्या ९० मिलिमीटर झाली. स्प्रिंगचा दाब ४,२०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४३० किलो वजनाइतका आहे आणि साध्या सेंद्रिय अस्तराचा घर्षणांक ०.३५ आहे. दोन्ही बाजूंचा विचार करता या क्लचची क्षमता सुमारे २६५ न्यूटन-मीटर भरते. इंजिनाच्या १९० न्यूटन-मीटरपेक्षा ती सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. मोटारीचे अभियंते अशी राखीव क्षमता मुद्दाम ठेवतात. कारण झीज, धूळ आणि उष्णता यांमुळे पकड कमी होत जाते.

हेच अस्तर अतिशय तापून त्याचा घर्षणांक ०.२५ वर आला, तर क्षमता १८९ न्यूटन-मीटर उरते. आता ती इंजिनाच्या टॉर्कपेक्षा किंचित कमी झाली. चढावर चालकाने जोरात ॲक्सिलरेटर दाबताच क्लच घसरू लागेल, घसरल्यामुळे आणखी तापेल आणि तापल्यामुळे आणखी घसरेल. घाटात क्लच ‘अचानक’ गेला असे जे सांगितले जाते, ते बहुतेक वेळा हे दुष्टचक्र असते. प्लेट त्यापूर्वी अनेक महिने झिजत आलेली असते.

उष्णता कोठून येते?

सपाट रस्त्यावर गाडी जागेवरून हलवताना क्लचमध्ये किती उष्णता निर्माण होते, याचा अंदाज बांधता येतो. प्रवाशांसह १,२०० किलो वजनाची मोटार पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाचे मिनिटाला १,५०० फेरे ठेवून निघाली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत तिचा वेग तासाला सुमारे १२ किलोमीटर होतो. या एका खेपेला क्लचमध्ये साधारण ६ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. एवढी उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांचे जाड लोखंड सहज शोषून घेते.

आता तीच मोटार दहास एक या प्रमाणात चढ असलेल्या रस्त्यावर उभी आहे आणि चालकाने ब्रेक न लावता हाफ क्लचवर ती धरून ठेवली आहे, असे समजा. गाडी तसूभरही हलत नाही. पण क्लचमध्ये दर सेकंदाला सुमारे ४ किलोज्यूल उष्णता निर्माण होत राहते. दहा सेकंद असे उभे राहणे म्हणजे सपाट रस्त्यावर सहा वेळा गाडी सुरू करण्याइतका भार झाला. घाटातील रांगेत हे तासभर चालले, तर लोखंडाला थंड होण्यास वेळच मिळत नाही.

हिमालयात हा प्रश्न अधिक बिकट होतो. समुद्रसपाटीपासून उंच गेल्यावर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरमागे ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटते. टर्बो असलेले इंजिनही कमी फेऱ्यांवर निर्जीव वाटते. रोहतांग किंवा खारदुंग ला येथील चढावर चालक मग अधिक फेरे ठेवून, अधिक वेळ हाफ क्लचवर गाडी चालवतो. मैदानी प्रदेशात कधीच न कुरकुरलेली क्लचप्लेट तेथे जळते, ती यामुळेच.

चामड्यापासून सुरुवात

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात क्लचला चामड्याचे अस्तर असे. शंकूच्या आकाराच्या धातूच्या भागावर चामडे चढवलेले असे आणि ते मऊ राहावे म्हणून त्याला वेळोवेळी तेल द्यावे लागे. चामडे तापले की कडक होऊन जळे.

याच काळात इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड हा गृहस्थ घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी चांगल्या पदार्थाच्या शोधात होता. त्याने १८९७ मध्ये या उद्योगाची सुरुवात केली. ‘फेरोडो’ हे आजही ब्रेकच्या बाजारात परिचित असलेले नाव त्याच्याच आडनावातील अक्षरे फिरवून तयार झाले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या उद्योगात ॲस्बेस्टॉसचा वापर सुरू झाला. हे खनिज तंतुमय असते, विणता येते, जळत नाही आणि स्वस्तही असते. त्यानंतर जवळजवळ पाऊणशे वर्षे जगभरातील बहुतेक ब्रेक आणि क्लच यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसच होता. त्याची जी किंमत माणसांनी मोजली, तिचा उल्लेख पुढे येईल.

सेंद्रिय अस्तर

आज बहुसंख्य मोटारींमध्ये कारखान्यातूनच जे अस्तर येते, त्याला सेंद्रिय असे म्हटले जाते. काचेचे तंतू, ॲरामिड किंवा तत्सम तंतू, तांब्याची अथवा पितळेची तार, रबर आणि काही भरण द्रव्ये रेझिनमध्ये एकत्र करून, उष्णता व दाब देऊन ते बनवले जाते. भिंगातून पाहिल्यास त्यात धातूच्या बारीक तारा चमकताना दिसतात. धातूची तार उष्णता पसरवण्यास मदत करते, तर तंतूंमुळे वेगाने फिरतानाही अस्तर फुटत नाही.

त्याचा घर्षणांक सामान्यतः ०.३ ते ०.४ च्या दरम्यान असतो. थंड असतानाही तो पुरेसा असतो. पकड हळूहळू बसते, गाडी थरथरत नाही आणि फ्लायव्हीलची झीज कमी होते. त्याची मर्यादा उष्णतेची आहे. तापमान २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास रेझिन विघटित होऊ लागते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड घटते. थोडेसे तापलेले सेंद्रिय अस्तर थंड झाल्यावर बरेचसे पूर्ववत होते. पण पूर्णपणे जळलेले अस्तर पुन्हा कामाचे राहत नाही.

मूळ इंजिनात कोणताही बदल न केलेली, शहरात व महामार्गावर चालणारी मोटार असेल, तर चांगल्या प्रतीचे सेंद्रिय अस्तर हेच योग्य होय. त्यापुढच्या पर्यायांसाठी काही विशेष कारण असावे लागते.

केवलार अर्थात ॲरामिड

अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीत संशोधन करणाऱ्या स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ मध्ये ज्या तंतूचा शोध लागला, तो पुढे केवलार या नावाने प्रसिद्ध झाला. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटांमुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. या गटातील तंतूंना ॲरामिड म्हणतात. ते वितळत नाहीत आणि ४०० अंशांच्या पुढेही बराच वेळ टिकतात.

ॲरामिडचे प्रमाण अधिक असलेले क्लचचे अस्तर अतिशय सावकाश झिजते आणि सेंद्रिय अस्तराइतकेच मऊपणे पकडते. तथापि त्याच्या काही अडचणी आहेत. त्याचा घर्षणांक सेंद्रिय अस्तरापेक्षा फारसा जास्त नसतो. त्यामुळे ‘केवलार बसवले म्हणजे पकड वाढली’ ही समजूत चुकीची आहे. नवी प्लेट पृष्ठभागावर नीट बसण्यास बराच काळ लागतो. त्या काळात ती जास्त तापली आणि तिच्यावर चकाकी चढली, तर ती सहजी जात नाही. संयमी चालकाच्या आणि बऱ्यापैकी मोकळ्या रस्त्यावरील गाडीला ती दीर्घकाळ साथ देते. रोज दोन तास रांगेत सरपटणाऱ्या गाडीला तिचा तेवढा लाभ होत नाही.

सिरॅमिक आणि सिंटर्ड प्लेट

‘सिरॅमिक’ या नावावरून चिनी मातीच्या वस्तूची आठवण होते. प्रत्यक्षात या पट्ट्या मुख्यतः तांबे, ब्राँझ किंवा लोखंड यांच्या भुकटीच्या असतात. त्यात ग्रॅफाइट आणि सिरॅमिकचे कठीण कण मिसळतात आणि दाब देऊन भट्टीत तापवून त्याचे घट्ट तुकडे तयार करतात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. पूर्ण वर्तुळाऐवजी असे तीन, चार किंवा सहा तुकडे प्लेटच्या पाकळ्यांवर बसवलेले असतात. पकड जास्त आणि उष्णता सोसण्याची ताकदही बरीच जास्त, हे त्यांचे गुण होत. वरील उदाहरणात घर्षणांक ०.४५ धरल्यास क्षमता ३४० न्यूटन-मीटरपर्यंत जाते.

हा पदार्थ केवळ स्पर्धेच्या गाड्यांत वापरला जातो असे नाही. अनेक ट्रॅक्टरमध्ये आणि अवजड वाहनांत तो कारखान्यातूनच येतो. शेतात नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हिसका बसला तरी फारसे बिघडत नाही. तेथे पकड आणि टिकाऊपणा यांना महत्त्व असते.

मोटारीत मात्र त्याचे दोष लगेच जाणवतात. थंड असताना तो कधी पकडतो, कधी नाही, अशी स्थिती होते. पकडतो तेव्हा एकदम पकडतो. हाफ क्लचची मधली जागा जवळजवळ नाहीशी होते. रांगेत चार-चार फुटांनी पुढे सरकताना गाडी उड्या मारते किंवा बंद पडते. हे हादरे गिअरबॉक्स, ॲक्सल आणि इंजिनाच्या रबरी आधारांना सोसावे लागतात. कठीण कणांमुळे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटही लवकर झिजतात. केवळ लोखंडी भुकटीची सिंटर्ड प्लेट याहून कठोर असते. ती पूर्णपणे शर्यतीच्या मैदानासाठीच असल्याने रस्त्यावरील मोटारीत तिचा विचार करू नये.

एका बाजूला सेंद्रिय आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अस्तर असलेल्या मिश्र प्लेटही मिळतात. त्यामुळे दोहोंचे गुण काही प्रमाणात साधतात, तसेच दोहोंचे दोषही येतात.

कार्बनचा धडा

फॉर्म्युला वन शर्यतीतील मोटारींचा क्लच कार्बनचा असतो. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या अनेक पातळ चकत्या एकावर एक ठेवून तो बनवला जातो. पृष्ठभागांची संख्या वाढली की क्षमता वाढते, हे वर सांगितलेले सूत्रच तेथे उपयोगी पडते.

रस्त्यावरील मोटारीत असा प्रयोग झाल्याचे उदाहरण म्हणजे पोर्शे कंपनीची कॅरेरा जीटी. २००३ ते २००६ या काळात तयार झालेल्या या मोटारीत अवघ्या १६९ मिलिमीटर व्यासाचा सिरॅमिक संमिश्र क्लच होता. तो हलका आणि विलक्षण क्षमतेचा होता. पण जागेवरून गाडी हलवताना निष्णात चालकांकडूनही ती बंद पडत असे, अशी तिची ख्याती झाली. जगातील नामांकित अभियंत्यांनी अमाप खर्च करून बनवलेला असा क्लचही सिग्नलवर चालकाची परीक्षा पाहत असेल, तर साध्या मोटारीत बाजारातून आणून बसवलेल्या ‘रेसिंग’ प्लेटकडून सुखद प्रवासाची अपेक्षा करता येत नाही.

इंजिनाची ताकद वाढवली असल्यास

टर्बो डिझेल मोटारींच्या संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजेच ‘रिमॅप’ करून, ताकद वाढवण्याची पद्धत देशभरात पसरली आहे. मोटार कंपनीची वॉरंटी त्यामुळे धोक्यात येते. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करता येत नाहीत. हे ध्यानात ठेवूनच त्याचा विचार करावा.

अशा गाडीत क्लचचा प्रश्न खरोखरच उद्भवतो. वरील उदाहरणात इंजिनाचा टॉर्क १९० वरून २४० न्यूटन-मीटर झाला, तर २६५ न्यूटन-मीटर क्षमतेच्या क्लचकडे जेमतेम १० टक्के राखीव क्षमता उरते. येथे अनेक जण थेट सिरॅमिक प्लेटकडे वळतात. सूत्राकडे पाहिल्यास दुसरा मार्ग दिसतो. अस्तर तेच सेंद्रिय ठेवून स्प्रिंगचा दाब २० टक्क्यांनी वाढवला, तर क्षमता सुमारे ३१८ न्यूटन-मीटर होते आणि राखीव क्षमता पुन्हा ३० टक्क्यांच्या वर जाते. पेडल थोडे जड होते, एवढीच त्याची किंमत. त्याच गाडीच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीतील मोठ्या व्यासाचा क्लच बसत असेल, तर तो उपाय अधिकच चांगला; कारण त्यात दाब न वाढवता त्रिज्या वाढते. अस्तराचा पदार्थ बदलणे हा या क्रमातील शेवटचा उपाय होय.

प्लेट बदलताना

क्लचप्लेटची किंमत आणि ती बदलण्याची मजुरी यांची तुलना केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. प्लेटपर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि बहुतेक श्रम त्यातच जातात. त्यामुळे केवळ प्लेट बदलून पैसे वाचवण्यापेक्षा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण संच एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते. पुढील बाबींची खात्री करून घ्यावी.

पहिली, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग. त्यावर निळसर डाग किंवा बारीक भेगा असतील, तर उत्तम प्रतीची नवी प्लेटही थरथरेल. असे फ्लायव्हील यंत्रावर घासून सपाट करावे किंवा बदलावे. अनेक आधुनिक डिझेल मोटारींतील दोन भागांचे फ्लायव्हील मात्र साध्या पद्धतीने घासून चालत नाही. त्याची तपासणी उत्पादकाच्या सूचनांप्रमाणेच करावी लागते.

दुसरी, तेलाची गळती. इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या ऑइल सीलमधून आलेले तेल अस्तरावर पडले, की कोणताही पदार्थ घसरतो किंवा थरथरतो. सील न बदलता प्लेट बदलणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय.

तिसरी, जुन्या प्लेटवर रिव्हेट मारून बसवलेले नवे लायनिंग. ट्रकच्या व्यवसायात ही पद्धत रूढ आहे. मोटारीच्या प्लेटमधील लहरदार पत्रा आणि मधल्या स्प्रिंगा तोपर्यंत थकलेल्या असतात, हे येथे विसरले जाते.

नवी प्लेट बसवल्यावर पहिले सुमारे ८०० किलोमीटर गाडी शांतपणे चालवावी. या काळात अस्तर आणि लोखंड यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात. त्यासाठी महामार्गावरील लांब पल्ल्यापेक्षा बेताच्या गर्दीतील शहरी प्रवास उपयोगी पडतो. कारण क्लचचा वापर तेथेच होतो.

ऑटोमॅटिक गाड्यांचे काय?

भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरियोपासून लोकप्रिय झालेल्या ‘एएमटी’ गाड्यांत क्लचचे पेडल नसले, तरी क्लचप्लेट असतेच. पायाऐवजी यंत्रणा ती चालवते. त्यामुळे चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवल्यास अशा गाडीतही क्लच तितकाच तापतो. कोरड्या प्रकारच्या दुहेरी क्लचच्या गाड्यांनाही हेच लागू पडते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत मात्र हा प्रश्नच उरत नाही. कारण विद्युत मोटर शून्य वेगापासून जोर लावू शकते.

धुळीचा धोका

ॲस्बेस्टॉसच्या सूक्ष्म तंतूंमुळे फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याच्या सर्व प्रकारांचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग धुळीशी संपर्क आल्यानंतर अनेकदा २० ते ४० वर्षांनी प्रकट होतो. तरुणपणी गॅरेजमध्ये काम केलेल्या माणसाला त्याचा छडा लागेपर्यंत तो म्हाताऱ्या वयाकडे झुकलेला असतो.

युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी लागू केली. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये अद्याप वापरात असलेल्या क्रायसोटाइल या प्रकारावर बंदीचा नियम काढला. त्यात मोटारींच्या सुट्या ब्रेक-अस्तरांचाही समावेश होता. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मधील निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. तथापि देशात या खनिजाच्या सर्व उपयोगांवर सरसकट बंदी नाही. नामांकित उत्पादकांच्या मोटारींसाठीच्या क्लचप्लेट आज ॲस्बेस्टॉसविरहित असतात. नाव-गाव नसलेल्या स्वस्त प्लेटबाबत तशी खात्री देता येत नाही. जुन्या गाड्यांतून निघणाऱ्या धुळीबाबतही तेच म्हणावे लागेल.

म्हणून खरेदी करताना खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असा स्पष्ट उल्लेख आणि उत्पादकाचे नाव आहे का, हे पाहावे. गिअरबॉक्स उतरवल्यावर आत साचलेली काळी धूळ हवेच्या झोताने उडवणे, ही आपल्याकडील गॅरेजमधील सर्रास आढळणारी सवय घातक आहे. ती धूळ ओल्या फडक्याने किंवा ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने भिजवून पुसावी, योग्य मास्क वापरावा आणि शेजारी उभ्या असलेल्या पोऱ्याला दूर पाठवावे. गाडीचा मालकही तसा आग्रह धरू शकतो. त्यासाठी होणारा जादा खर्च नगण्य असतो.

चालकाच्या हाती काय?

क्लच घसरू लागला आहे, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये तासाला ४० किलोमीटर वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढले आणि वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही, तर प्लेट बदलण्याची वेळ आली आहे. अशी गाडी घेऊन घाटात किंवा पहाडी मुलखात जाऊ नये. चढावर, मागे अवजड वाहने असताना गाडीची ओढ संपणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नसतो.

इतर पथ्येही साधी आहेत. चढावर थांबताना गाडी हाफ क्लचवर न धरता हँडब्रेक लावावा. रांगेत प्रत्येक वेळी चार फूट सरकण्याऐवजी पुढे थोडी जागा होऊ द्यावी. चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर विसावू देऊ नये. वास येऊ लागल्यास गाडी सुरक्षित जागी घेऊन, क्लचचे पेडल न दाबता काही वेळ थंड होऊ द्यावी.

थोडक्यात, मूळ ताकदीच्या मोटारीला नामांकित उत्पादकाचा सेंद्रिय अस्तराचा पूर्ण संच योग्य होय. ताकद वाढवलेल्या मोटारीसाठी आधी स्प्रिंगचा दाब किंवा प्लेटचा व्यास वाढवण्याचा विचार करावा. सावकाश झीज हवी असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर ॲरामिडचा पर्याय आहे. सिरॅमिक प्लेट ट्रॅक्टरसाठी आणि शर्यतीच्या मैदानासाठी सोडून द्यावी. यांपैकी कोणतीही प्लेट घेतली, तरी तिचे आयुष्य पुढे चालकाच्या डाव्या पायावर अवलंबून राहणार आहे.